सहा कवड्या आणि एक चिंचोका

नत्थूजींच्या घरी कोणीही पहिल्यांदा आलं, की पाण्याचा पेला हातात पडायच्या आधी त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

"तुमच्या घरी मारलेली सोंगटी परत बसते, का मेली ते मेलीच?"

हे विचारताना ते हसत नसत. चष्मा कपाळावर, कानामागे पेन्सिल, आणि आवाज असा हळू, की शेजारच्या खोलीत कोणी निजलं असावं. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही त्यांनी हा प्रश्न विचारलेला मी ऐकला आहे. तो बिचारा मीटर न वाचताच गेला आणि पुढचे तीन महिने आमच्या गल्लीत फिरकला नाही.

महाल भागातल्या त्या गल्लीत मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली तेव्हा सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मलाही प्रश्न आलाच. मी म्हटलं, "आम्ही घरी फक्त लूडो खेळायचो."

"लूडो मंजे आपल्या पंचवीसच्या खेळाचंच पोरगं," ते म्हणाले. "पण त्यात परत येते. मंग या, बसा." मला पाणी मिळालं.

नत्थूजी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळत. वीस वर्षं दुसऱ्यांचे कागद लाल फडक्यात बांधून त्या माणसाला इतकी सवय झाली होती, की घरीही काहीतरी बांधल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी खेळ बांधायला घेतले. गावोगावचे पटावरचे खेळ ते हुडकून आणत, नियम लिहून घेत आणि बस्त्यात, म्हणजे फडक्याच्या गाठोड्यात, घालत. पण आधी तो खेळ पटाचा आहे की नाही, हे ठरायला हवं. त्याची त्यांची व्याख्या पक्की होती. "ज्याच्यावर घर हाये आन् घरातून निघायले रस्ता हाये, तो पट. कॅरमले भोकं हायेत, घर कुठं हाये?" कॅरम असा दारातच बाद झाला. गल्लीतली पोरं चिडली, पण अपील करायला जागा नव्हती.

बस्ते चार होते. पहिला परतीचा. मारलेली सोंगटी पुन्हा पहिल्या घरापासून निघते असे सगळे खेळ त्यात. दुसरा बिनपरतीचा, म्हणजे मेलं ते डब्यात गेलं. तिसरा कोंडीचा आणि चौथा घसरणीचा. चौथ्यात एकटी सापशिडी होती. "गिळलेला मानूस शेपटातून जिता निघते. हे काही मले पटत नाही," असा शेराही तिच्यावर होता. वाघ-बकरीने मात्र त्यांचा महिनाभर जीव खाल्ला. बकरी मरते ती परत येत नाही. वाघ मरत नाही, नुसता कोंडला जातो. शेवटी त्यांनी तो कागद कात्रीने मधोमध कापला. बकऱ्या दुसऱ्या बस्त्यात, वाघ तिसऱ्यात.

पहिला, तिसरा, चौथा बस्ता घरातल्या फळीवर असे. दुसरा नव्हता. तो मागच्या अंगणात, संडासाच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या पेटीत. मी एकदा म्हटलं, पावसात भिजेल, घरात घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत तो विषय काढला नाही.

हे वेड नुसतं कागदावर नव्हतं. त्यांच्या भिवापूरच्या मामांच्या पोरीचं लग्न ठरत होतं तेव्हा नत्थूजींनी मुलाकडच्यांना तोच प्रश्न विचारला. मुलाचा बाप ऐटीत म्हणाला, "आमच्याकडे मेली ते मेली." झालं. नत्थूजी मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे लोक पोरीले माहेरी परत धाडनार नाहीत." मामांनी डोक्याला हात लावला. लग्न झालं, पोरगी वर्षात चारदा माहेरी आली, तरी नत्थूजींचा संशय काही गेला नाही.

त्यांना हरवलं ते एकदाच, आणि तेही समोरच्या जोशी वकिलांनी. वकील बुद्धिबळाचे भक्त. ते म्हणाले, "नत्थूजी, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की मेलेला वजीर परत येतो. मग बुद्धिबळ बिनपरतीचं कसं?" नत्थूजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी वकील दात घासत असताना ते समोर जाऊन उभे राहिले.

"तो वजीर तो नव्हे, वकीलसाहेब. प्यादं वजिराचे कपडे घालते. मेलेला डब्यातच असते." एवढं बोलून ते कचेरीत गेले. वकिलांनी मला नंतर सांगितलं, की खटला हरल्यावरही आपल्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

नत्थूजींनी लग्न केलं नव्हतं. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची आई, गंगूमाय. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. रोज दिवेलागणीला ते कापडी पट अंथरत आणि मला भिंतीवर टकटक करून बोलावत. चार बाजूंना चार पाट. काळ्या सोंगट्या नत्थूजींच्या, हिरव्या गंगूमायच्या, तांबड्या माझ्या. चौथ्या पाटावर कोणी बसत नसे. त्याच्यासमोर पाण्याचा भरलेला पेला असे. पिवळ्या सोंगट्या रोज एकाच जागी, तीन घरात पोचलेल्या आणि एक मेलेली, पटाबाहेर आडवी. आमचे डाव रोज नवे होत. पिवळ्याचा डाव तोच जुना, पुढे न सरकलेला.

कवड्या सहाच होत्या. सातव्या कवडीच्या जागी एका बाजूने पांढरा घासलेला चिंचोका, पांढरी बाजू वर आली की उताणा. सातही उताणी पडली तर पंचवीस, आणि पंचवीस पडल्याशिवाय मेलेली सोंगटी परत बसायची नाही, हा त्या घरचा नियम. रोज खेळ संपला की नत्थूजी पिवळ्याच्या नावाने एक दान टाकत. गंगूमाय हात पुढे करी आणि पडलेल्या कवड्यांवरून बोट फिरवी. कवडीचे दात लागले की उताणी, पाठ लागली की पालथी. दान ती डोळसापेक्षा आधी सांगे आणि कधी चुकत नसे. "चार हाये." नाहीतर "दोनच वं माय." मग ती हात आखडता घेई.

माझ्यावर दोन वर्षांत चार-पाचदा पंचवीस पडले. नत्थूजींवर पडले. पिवळ्यावर कधीच नाही. मी रोज तिथे बसायचो, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. एकदा मी गंमत म्हणून विचारलं, तेव्हा गंगूमाय सहज म्हणाली, "अजून राग गेला नाही त्याचा." रिकाम्या पाटासमोरचा पेला सकाळी किती भरलेला असतो, हे बघायची मला कधी हिंमत झाली नाही.

तो पाट कोणाचा, हे मला रामटेकला कळलं. गडाच्या पायऱ्यांवर कोणीतरी कधीकाळी वाघ-बकरीचे पट कोरले आहेत. त्यांची चित्रं काढून घ्यायला नत्थूजी मला घेऊन गेले होते. भर दुपारची वेळ, मी पायरीवर कागद ठेवून रेघा उतरवत होतो, आणि ते अचानक बोलायला लागले.

"श्रावण माझा लहान भाऊ. सतरा वर्षांचा होता. तीन सोंगट्या घरात, चौथी घराच्या दारात. मी मारली. मारायची गरज नव्हती मास्तर, मले दुसरी चाल होती. तरी मारली, आन् हासलो वरतून. त्यानं कवड्या उचलल्या, पटावर फेकल्या, चपला घातल्या. आई म्हने जेवून जा. तो म्हने, मी नाही बसत आता परत. गेला. कवड्या मोजल्या त सहा. सातवी त्याच्या मुठीत राहिली."

"किती वर्षं झाली?"

"तेरा. कवडीची गोष्ट आमच्या मायलेकांबिगर कोनाले माहीत नाही. मामालेबी नाही. तो आला तर तो चिंचोका पाहून त्याले लगेच समजन, सातवी कवडी कुठं गेली ते. तेवढी एकच निशानी हाये माझ्यापाशी."

माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, ते करत बसलो.

त्या हिवाळ्यात गंगूमाय अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी नत्थूजींना बाहेर बोलावून सांगितलं, की आता फार तर होळीपर्यंत. तिचं एकच चाललं होतं, श्रावणला एकदा पटावर बसलेला ऐकायचं. बघायचं नव्हे, कवड्या टाकताना ऐकायचं. आणि एका रविवारी सकाळी भिवापूरचे मामा टांग्यातून एका माणसाला घेऊन आले.

"सापडला!" मामा दारातूनच ओरडले. "धर्मशाळेत पानी भरून राहिला होता. भिवईवरची निशानी पाहा!"

तिशीचा, काटकुळा, एका पायाने जरा लंगडा माणूस. भुवईवर वण होता खरा. त्याने स्वतः काहीच दावा केला नाही. मामा जे म्हणतील त्याला तो मान हलवे. "तू श्रावण ना गा?" "हो." "तुले आई आठवते ना?" "हो." मला तर वाटलं, याला कोणी तू इंदिराबाई का विचारलं असतं तरी हो म्हणाला असता. चार भाकरी खाऊन तो भिंतीला टेकून बसला आणि चुलीकडे बघत राहिला.

नत्थूजी दिवसभर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मामा चिडून म्हणाले, "सख्खा भाऊ वळखत नाही काहून?"

"संध्याकाळी पाहू," नत्थूजी म्हणाले.

दिवेलागणीला पट पडला. गंगूमायला आम्ही उचलून तिच्या पाटावर, लोडाला टेकवून बसवलं. तेरा वर्षांनी चौथ्या पाटावर माणूस बसला. त्याला खूप तहान लागली असावी. समोरचा पेला त्याने उचलला आणि एका दमात रिकामा केला. नत्थूजींनी कवड्या त्याच्या ओंजळीत दिल्या. त्याने त्या हलवल्या, मग चिंचोका दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"हा चिंचोका काहून घातला यात?"

गंगूमायची मान जराशी कलली. मामांना काही कळलं नव्हतं, ते सुपारी कातरत होते. मी नत्थूजींकडे पाहिलं. वाघ-बकरीचा कागद कात्रीने कापणारा माणूस, मामेबहिणीचं लग्न मोडायला निघालेला माणूस. आता हा उठणार आणि या बिचाऱ्याला दाराबाहेर काढणार, आणि म्हातारी इथेच संपणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

"एक कवडी कमी हाये गा," नत्थूजी म्हणाले. "कधीचीच. टाक तू."

त्याने टाकल्या. मी डोळे उघडले. तीन उताण्या, बाकी पालथी. स्वच्छ तीन.

"पंचवीस!" नत्थूजी मोठ्याने म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला. "आई, पंचवीस पडले. श्रावण बसला!"

मग गंगूमायचा हात पुढे आला. मी विसरलोच होतो. तिने एकेका कवडीवरून बोट फिरवलं, दात, पाठ, पाठ. चिंचोक्यापाशी बोट जरा जास्त थांबलं. नत्थूजींच्या कपाळावर थंडीतही घाम आला होता. तिला सगळं कळलं, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं.

"पंचवीसच हाये," गंगूमाय म्हणाली. तिने पटाबाहेर चाचपडून पिवळी सोंगटी उचलली आणि पहिल्या घरात उभी केली. "बस गा बाप्पा. जेवून जाशील आता."

तो माणूस राहिला. चार महिने त्याने तिला उचललं, ठेवलं, मऊ भात भरवला. ती त्याला श्रावण म्हणे आणि तो ओ देई. होळी येऊन गेली, तरी म्हातारी तग धरून होती. चैत्रात ती गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आपली पिशवी घेतली. नत्थूजींनी राहा म्हटलं, पण तो "झालं आता" एवढंच बोलला. आम्ही दोघं त्याला बसस्टँडवर सोडून आलो. अंगात नत्थूजींचाच जुना कोट होता. त्याचं खरं नाव आम्ही विचारलं नाही.

येताना मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"वजीर नव्हता तो मास्तर. प्यादं होतं," ते म्हणाले, आणि बरंच चालून झाल्यावर पुढे म्हणाले, "पण चालत चालत शेवटच्या घरापर्यंत आलं ना!"

घरी येऊन ते थेट मागच्या अंगणात गेले. पत्र्याची पेटी उघडली, दुसऱ्या बस्त्यातून बुद्धिबळाचे कागद काढले, धोतराने पुसले, आत आणून पहिल्या बस्त्यात बांधले. शेऱ्यात काहीतरी लिहायला पेन्सिल काढली होती. लिहिलं नाही. तसेच बसून राहिले आणि मग रडले. त्यांच्या वयाच्या माणसाला मी तसं रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. पट पडला होता. हिरव्या सोंगट्या डब्यात होत्या. चार महिन्यांत पिवळी चौथी सोंगटी घरात पोचली होती. नत्थूजींनी ती उचलली आणि पुन्हा पटाबाहेर आडवी ठेवली.

"हा डाव त्याचा होता. श्रावणचा बाकी हाये," ते म्हणाले. "माझ्या हातानं नाही पडत. आज तुमी टाका."

मी टाकल्या. कवड्या थांबल्या तेव्हा आम्ही दोघंही वाकलो. सहाच्या सहा कवड्या उताण्या पडल्या होत्या. पालथा होता तो फक्त चिंचोका.

नत्थूजींनी कवड्यांना हात लावला नाही.

"रस्त्यात असन," ते म्हणाले, आणि चौथ्या पाटासमोरचा रिकामा पेला घेऊन माठाकडे गेले.