सरळ रेषेतील अंतर

घरात मासा पाळणाऱ्या नागरिकांनी टाकीची लांबी माशाच्या लांबीपेक्षा कमी ठेवू नये, असा नियम शहरात लागू झाला, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीसाठी नगर कार्यालयाने वजनमापे विभागातून एका निरीक्षक बाईंना उसनं घेतलं. मूळ मसुद्यात टाकी माशाच्या सहापट असावी, असं होतं. मग हरकतींची सुनावणी झाली. विक्रेत्यांनी सहापटीला हरकत घेतली, टाकी बनवणाऱ्यांनी काचेच्या जाडीला घेतली, आणि माशांच्या वतीने कोणी हजर राहिलं नाही. त्यामुळे अंतिम नियमात टाकी 'किमान माशाइतकी' एवढंच उरलं. तरीही हा नियम अत्यंत संवेदनशील असल्याचं त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं होतं, आणि प्रस्तावना नियमापेक्षा बरीच लांब होती.

निरीक्षक बाईंना कार्यालयात सगळे पट्टीबाई म्हणत. बावीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि कापडवाल्यांच्या मोजपट्ट्या तपासल्या होत्या. अर्ध्या सेंटिमीटरसाठी त्या भर बाजारात पंचनामा करत बसायच्या. नव्या कामाचं त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी ते जुन्या कामाइतक्याच मन लावून करायला घेतलं, आणि तिथेच माशी शिंकली.

पहिली तपासणी वाकडे दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या घरी होती. दिवाणखान्यात चपलांचं कपाट आणि टीव्ही यांच्या मधल्या फटीत टाकी बसवली होती. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद. आत एक मासा होता. म्हणजे आत मासाच होता, पाण्याला उरलेल्या जागेत भरलं होतं. त्याचं डोकं एका कोपऱ्यात, शेपूट त्याच काचेशी दुसऱ्या टोकाजवळ, आणि मधला देह काचेला घासून विळ्यासारखा वळलेला.

"आणला तेव्हा बोटभर होता," डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "दुकानदार म्हणाला, हा टाकी बघून वाढतो. आमचं बाळच आहे हे."

"पण हा तर टाकी न बघताच वाढलाय," पट्टीबाई म्हणाल्या.

"छे हो. बरोब्बर मावलाय की."

"वळतो कसा?"

"रविवारी पाणी बदलतो ना, तेव्हा मी आणि हे मिळून त्याला उचलून उलटा ठेवतो. आठवडाभर एकच भिंत बघायची म्हणजे कंटाळा येतो बिचाऱ्याला."

टेबलावर प्लास्टरचा एक जबडा होता, दात एकमेकांवर चढलेले. अर्ज भरता भरता पट्टीबाईंनी सहज विचारलं, "दात असे वाकडे कशानं होतात?"

"जागा नसते म्हणून." डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम कळवळ्याचा झाला. "जागाच मिळाली नाही तर वाढणाऱ्यानं जायचं कुठे? मी पालकांना नेहमी सांगते, आधी जागा करा."

"आणि हा?"

"याचं वळण जन्मजात आहे," त्याच श्वासात डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अर्जात रकाना होता: 'माशाची लांबी (दोन टोकांमधील सरळ रेषेतील अंतर)'. पट्टीबाईंनी कार्यालयाची पोलादी पट्टी काचेला लावली. नाकापासून शेपटीपर्यंत बावन्न. टाकी साठ. नियमाचं पालन झालं होतं, वर आठ सेंटिमीटर शिल्लक होते. आता फक्त सही करायची होती. काचेपलीकडचा डोळा पट्टीच्या आकड्यांसमोर होता, कारण तो दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. पट्टीबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि "उद्या येते" म्हणून त्या निघाल्या.

त्यांचा नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गळ्यातली टेप काढून बायकोसमोर धरली.

"अगं, बाहीचा मुंढा कधी पट्टीनं मोजतात का? जिथं वळण आहे तिथं टेपच वळवायला पाहिजे."

"कार्यालयाची पट्टी वळत नाही."

"मग चुकतं माप. आणि दुसरं सांगू? वाढत्या अंगाचा कपडा शिवताना मी शिवणीत बोटभर जादा कापड, म्हणजे माया, ठेवतो. त्या बाईनं माशाला बाळ म्हटलं, पण माया कुठे ठेवली?"

दुसऱ्या दिवशी पट्टीबाईंनी ती टेप माशाच्या पाठीच्या वळणावरून, काचेबाहेरून, पुन्हा पुन्हा फिरवली. दर वेळी एकाहत्तर भरले. त्यांनी रकान्यात एकाहत्तर लिहिलं आणि नियमभंगाचा शेरा मारला.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब स्वभावाने चांगले होते. कोणाचंही वाईट व्हावं असं त्यांना वाटत नसे, म्हणून ते काहीच होऊ देत नसत.

"बाई, ही टेप प्रमाणित आहे का?"

"नाही. पण मी बावीस वर्षं प्रमाणितच करत आले. करून आणते."

त्यांनी तीन आठवड्यांत टेपवर शिक्का आणला. साहेबांनी शिक्का दोन्ही बाजूंनी पाहिला आणि दुसरा मुद्दा काढला. "माप ठीक आहे. पण मासा वाकलेला आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"दिसतंय साहेब."

"दिसणं हा तुमच्या पदाचा भाग नाही. तुमचं काम मोजण्याचं. दिसण्यासाठी तज्ज्ञ लागतात."

तज्ज्ञांची समिती नेमली गेली. एक माशांचे डॉक्टर, एक वास्तुरचनाकार आणि विक्रेता संघाचे अध्यक्ष. तिघं डॉक्टरीणबाईंच्या सोफ्यावर तासभर बसले. माशाला काही त्रास होतो का, हे माशांच्या डॉक्टरांनी माशाच्या चेहऱ्यावरून तपासलं. वास्तुरचनाकारांनी एवढ्याशा जागेचा इतका पुरेपूर वापर आपण आजवर पाहिला नसल्याचं सांगितलं. अध्यक्षांनी माशाला काही तक्रार आहे का, असं मोठ्याने विचारलं आणि उत्तराची वाट पाहून 'तक्रार नाही' अशी नोंद घेतली. अहवालात त्या वाकण्याला 'निवासानुकूल वळण' असं नाव मिळालं. एकदा नाव मिळाल्यावर त्याला दोष म्हणण्याची सोय उरली नाही.

महिनाभरात डॉक्टरीणबाईंच्या दारावर 'आदर्श मत्स्यनिवास' अशी पितळी पाटी लागली. एका मासिकाने त्यांची मुलाखत घेतली. मुक्या जिवांवर प्रेम कसं करावं, या विषयावर त्या दोन पानं बोलल्या. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तसाच मासा हवासा वाटू लागला. विक्रेत्यांनी मागणी ओळखली आणि बोटभर पिल्लं आधीपासूनच अरुंद नळ्यांत वाढवायला घेतली. दुकानांवर पाट्या आल्या: 'वळणदार मासे, कोणत्याही कोपऱ्यात बसतात'. ज्यांचे मासे सरळ होते, त्यांना पाहुणे विचारू लागले, "याला अजून काही शिकवलं नाही वाटतं?" एका निवृत्त पोस्टमनकडे तीन मीटरची टाकी होती आणि तिच्यात हातभर मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. त्याला पाण्याच्या अपव्ययाबद्दल नोटीस गेली. ती बजावायला पट्टीबाईंनाच पाठवलं.

पोस्टमनने नोटीस वाचली आणि शांतपणे विचारलं, "बाई, मी नक्की काय जास्त केलं?"

पट्टीबाई सरळ कार्यालयात आल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, एकदा त्या माशाला मोठ्या पाण्यात सोडून बघा. वळण जन्मजात असेल तर मी नोकरी सोडते."

साहेबांना कल्पना आवडली. तिच्यात कोणाची तरी एक जागा रिकामी होण्याची शक्यता होती.

मत्स्य संशोधन केंद्रात बारा मीटर लांबीचा हौद होता. ठरलेल्या दिवशी दोन माणसांनी माशाला ओल्या चादरीत गुंडाळून आणलं. मागे डॉक्टरीणबाई, "बाळाला सर्दी होईल" असं म्हणत. समिती खुर्च्या टाकून बसली होती. पट्टीबाईंचा नवरा दुकान बंद ठेवून आला होता आणि कठड्याला टेकून उभा होता. पट्टीबाईंनी रजिस्टर उघडून तारीख टाकली.

चादर पाण्यात सैल केली. मासा बाहेर आला. थोडा वेळ तसाच राहिला. मग हलला, आणि डावीकडे वळला. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे. हौदाच्या एका कोपऱ्यात, साठ बाय चाळीस एवढ्याच जागेत, तो गोल गोल फिरू लागला. पुढे सबंध बारा मीटर पाणी होतं. तो तिकडे गेला नाही.

"बघा," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "स्वातंत्र्य देऊन पाहिलं. त्यालाच नको आहे."

"अहो, वर्षानुवर्षं घडीत पडलेलं कापड एका इस्त्रीत सरळ होतं का?" शिंपी म्हणाला. "आठ दिवस ठेवा त्याला इथं."

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी यांचा नवरा."

"मग आपलं म्हणणं नोंदीत घेता येणार नाही."

समितीने तिथल्या तिथे निष्कर्ष काढला. उपलब्ध पाणी बारा मीटर, वापरलेलं साठ सेंटिमीटर. उरलेलं सर्व अनावश्यक. चहा झाला, सह्या झाल्या, पाच वाजता खुर्च्या उचलल्या गेल्या. चादर घेऊन येणारी माणसं सहाला परत येणार होती. तेवढा वेळ पट्टीबाई आणि त्यांचा नवरा कठड्याशी थांबले.

पावणेसहाच्या सुमारास मासा फिरता फिरता अडखळला. जिथे काच लागायला हवी होती तिथे त्याने नाक पुढे केलं, आणि तिथे काहीच लागलं नाही. तो मागे सरला. पुन्हा पुढे आला. मग हळूच, शेपूट ओढत, हातभर पुढे गेला. त्याच्या पाठीचं वळण किंचित उकललं. पट्टीबाईंनी टेप पाण्यावर धरली, पण त्यांना आकडा दिसेना. डोळे भरून आले होते. नवऱ्याने वाकून वाचला.

"चौसष्ट," तो म्हणाला. "बावन्नचा चौसष्ट झाला."

त्यांनी वेळ घालून नोंद केली. सहाला माणसं आली आणि माशाला पुन्हा गुंडाळून घेऊन गेली. नोंद दुसऱ्या दिवशी फेटाळली गेली, कारण ती कार्यालयीन वेळेनंतर केलेली होती आणि तिच्यावर साक्षीदार म्हणून नात्यातल्या माणसाची सही होती.

निष्कर्षाच्या आधारे डॉक्टरीणबाईंनी आणखी लहान टाकी घेतली. चपलांच्या कपाटाला जागा झाली. मासा त्यानंतर अकरा आठवडे जगला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात माशांच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'पूर्ण वाढ'. मासा निघून गेल्यावर डॉक्टरीणबाई दोन दिवस जेवल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बोटभर पिल्लू घेऊन आल्या.

पट्टीबाईंना मूळ विभागात परत पाठवलं. पण त्यांना चैन पडेना. त्यांनी सगळी हकीकत पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत लिहून एका वर्तमानपत्राला दिली, आणि आश्चर्य म्हणजे ती छापून आली. आठवड्यात दोनशे चौदा पत्रं आली. त्यांनी ती नवऱ्याच्या कापायच्या टेबलावर पसरली आणि एकेक फोडली. तिघांनी लिहिलं होतं की वाचून वाईट वाटलं. दोनशे अकरा जणांना तो मासा कुठे मिळतो, काय खातो आणि किती लांबीच्या टेबलावर राहतो, हे हवं होतं.

तुम्ही त्या दोनशे अकरांतले नाही, हे उघडच आहे. तुम्ही इथपर्यंत हळहळत वाचलंत. फक्त अधेमधे मनात येऊन गेलं असेल, की मासा दिसायला होता तरी कसा. रुपेरी होता, पोटाशी केशरी झाक. पिल्लं मंगळवारी येतात, दुकान आठपर्यंत उघडं असतं.