सुलूताईचे कोचीचे पाच डबे

या, अशा जवळ बसा. हेंद्रेपाड्यात भाजी घ्यायला येता आणि आमच्या बिल्डिंगवरून तशाच पुढे निघून जाता, हे बरं नाही. गेल्या खेपेला खिडकीतून दिसलात मला, हातात मेथी होती. बरं, राहू दे. सुलूताईचं सांगते.

सुलूताई माझ्या वरच्या मजल्यावर राहते. ही बाई काहीही खाण्याआधी त्यातला चमचाभर डबीत काढते, डबीवर चिठ्ठी चिकटवते आणि मगच घास घेते. अंबरनाथला बिस्किटांच्या कारखान्यात जन्मभर चेकिंगला होती. तिथे प्रत्येक बॅचमधला एक पुडा बाजूला ठेवायचा, उद्या कुणाची तक्रार आली तर उघडून बघायला. नोकरी संपली, सवय राहिली. माझ्या नातीच्या बारशाला तिने घुगऱ्यांचं सॅम्पल काढलं. मी म्हटलं, "अगं, तक्रार कोण करणार?" तर म्हणे, "बाळ मोठं होईल ना."

आम्ही भिशीच्या बायका कोचीला निघालो, तेव्हा तिने आधीच सांगितलं, "मी फिरायला नाही येत, कालवणाला येतेय." तिचे मिस्टर, दत्तूभाऊजी, तरुणपणी कोचीच्या गोदीत जहाजं रंगवायला होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि जेवणावरचं मनच उडालं. चार घास खातात, ताट सरकवतात. डॉक्टर ओरडतात, सुलू रडकुंडीला येते. एकदा ते म्हणाले, "तिकडचं लाल, आंबट कालवण असतं तर जेवलो असतो." हॉटेलचं नाव आठवेना. समोर पाणी होतं, एवढंच. तेवढ्यावर त्यांच्यापाशी दिवसरात्रीची बाई ठेवून ही निघाली.

आता कोचीत समोर पाणी कुठे नाही?

आम्ही किनाऱ्यावरची मासे धरायची ती भलीमोठी चिनी जाळी बघत होतो, तर ही एका खानावळीच्या मागच्या दाराशी वास घेत उभी. यहुद्यांच्या जुन्या प्रार्थनाघरात गाइड म्हणाला, इथली एक फरशी दुसरीसारखी नाही. सुलू म्हणाली, "म्हणजे चेकिंगला कोणी नव्हतं." मसाल्याच्या बाजारात आम्ही मिरी घेतली, हिने एक काळं आंबट फळ हुंगलं आणि म्हणाली, "हा आपल्या आमसुलाचा थोरला भाऊ." आम्ही आप्पम हाणत होतो आणि ही एक चमचा चाखून बाकीचं कालवण डब्यात भरत होती.

"अगं, जेव की."

"मी जेवले तर ह्यांना कमी पडेल."

एका आचाऱ्याने धीर दिला, "दो दिन बाद और अच्छा लगेगा, अम्मा." पाच खानावळी, पाच डबे, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ. परतीच्या गाडीत ही खोक्यावर हात ठेवून बसलेली. टीसीने विचारलं, "इसमें क्या है?"

"मिस्टर का खाना."

"मिस्टर कहाँ हैं?"

"बदलापूर."

तो पुढच्या बाकाकडे वळला.

घरी आल्यावर तिने पाच वाट्या मांडल्या, नंबर घातले, पेन घेतलं. मी साक्षीदार. भाऊजींनी डाव्या हाताने एकेक चाखली.

"कुठलं ते?"

"पाचही."

"असं नसतं हो. एकच पास होणार. नीट चाखा."

त्यांनी पुन्हा चाखलं. मग अडखळत म्हणाले, "चव नाही आठवत, सुलू. आम्ही चौघं रंगारी... एका परातीत जेवायचो. ते आठवतात."

सुलूने पेन खाली ठेवलं. भाऊजी आजारी पडल्यावर पहिल्या महिन्यात भेटायला येणाऱ्यांची रांग होती घरात, मग हळूहळू जिना चढणारं कोणी उरलं नव्हतं. मी तरी कुठे चढत होते? गुडघ्यांचं कारण होतंच. सुलू आत गेली, पोळ्यांची कणीक मळायची परात घेऊन आली, त्यात भात ओतला आणि पाचही वाट्या त्यावर पालथ्या केल्या. सॅम्पल काढलं नाही. मला म्हणाली, "बस गं, हात धुऊन ये."

भाऊजी त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त जेवले.

आता दर रविवारी दुपारी ती कालवण करते आणि मी गुडघे धरून वर जाते. परातीला आम्ही तिघं आहोत. एक जागा मोकळी आहे, आणि भाऊजी दाराकडे बघत जेवतात. येत्या रविवारी या. लिफ्ट नाही, दम लागला तर मधे माझ्याकडे पाणी प्या, मग बरोबरच चढू.