नवरीचा आरसा आणि अमेरिकन बातमीदार

मंगळवारी दुपारी घरच्या बाईंची मुलाखत संपली, चहाचा तिसरा पेलाही रिकामा झाला, आणि एल्डन प्रुइट नावाचा अमेरिकन बातमीदार जायला उठला. जाता जाता भिंतीला टेकवलेल्या चांदीच्या चौकटीच्या आरशाकडे बघून तो म्हणाला, "किती सुंदर आहे हो हा!"

"घ्या ना, तुमचाच आहे," फरंगीस खानम, म्हणजे फरंगीसबाई, म्हणाल्या.

त्यांचा मुलगा काम्यार दुभाषी होता. अकरा वर्षं परदेशी बातमीदारांना घेऊन तो तेहरानभर फिरत होता, आणि कुणाच्या बोलण्यात एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही, ही त्याची शिस्त होती. त्या शिस्तीने त्याने आईचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि प्रुइटच्या 'छे छे, नको'ची वाट बघत उभा राहिला.

पण प्रुइटला त्याच्या कचेरीने निघतानाच बजावलं होतं: संबंध इतके ताणलेले आहेत, इराणी माणूस देईल त्याला नाही म्हणू नकोस. त्याचे डोळे पाणावले. त्याने छातीवर हात ठेवून आभार मानले, आरसा काखोटीला मारला आणि चालता झाला. आता बोला!

दार लागलं. फरंगीस खानम मुलाकडे वळल्या.

"नेला?"

"नेला."

"अरे, असा कसा नेला? शेजारणीला मी रोज अख्खं घर देते, तिने नेलंय का कधी?"

बरं, आरसा साधासुधा असता तर गोष्ट वेगळी. गुरुवारी काम्यारचं लग्न होतं. लग्नाला बसल्यावर नवरा नवरीचं तोंड ज्यात बघतो तो हा आरसा. विकत घेतला होता काम्यारच्या घरच्यांनी, पण निवडला होता नवरीच्या आईने, महलका खानमनी, तीन आठवडे बाजार पालथा घालून. "माझ्या शीदाच्या आरशाला ओरखडा जरी आला ना, तर लग्न विसरा," असं त्या हसत हसत म्हणाल्या होत्या. त्यांचं ते हसणं काम्यार चांगलं ओळखून होता.

"मी आत्ता जातो आणि त्याला खरं काय ते सांगतो."

"खबरदार! दिलेली वस्तू परत मागायची? तीसुद्धा अमेरिकनाकडून? तो लिहितोय कशावर?"

"इराणी माणसं शब्द पाळतात का, यावर."

"बघ! अणुकरार त्यांनी मोडला म्हणून आपण अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायची, आणि आपण काय करायचं, आरसा परत मागायचा? एका आरशापायी देशाचं नाक कापशील मेल्या!"

शेवटी गुपचूप हुबेहूब तसाच आरसा शोधून आणायचा असं ठरलं. पण बुधवारी सकाळीच प्रुइटचा मजकूर छापून आला, तोही फोटोसकट. 'आपली सरकारं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण तेहरानच्या एका आईने मला आरसा दिला.' महलका खानमची बहीण नेमकी लॉस एंजेलिसला राहणारी. तिने वाचलं, तिने फोन केला, आणि अर्ध्या तासात महलका खानम दारात.

"काय हो फरंगीस खानम, उद्या माझ्या मुलीने तोंड कशात बघायचं? अमेरिकेच्या वर्तमानपत्रात?"

"अहो, बसा तरी आधी..."

"बसायला नाही, मी मोडायला आले आहे!"

काम्यारचं धाबं दणाणलं. देशाची अब्रू गेली खड्ड्यात, म्हणत त्याने हॉटेल गाठलं आणि प्रुइटला सगळं सांगून टाकलं. प्रुइट मटकन पलंगावर बसला.

"म्हणजे तुमच्या आई आरसा देत नव्हत्या?"

"नव्हत्या."

"मग घ्या का म्हणाल्या?"

"तुम्ही नको म्हणणार म्हणून. आमच्याकडे ही रीतच आहे."

"थांबा, थांबा. आठवडाभर जे लोक मला रस्त्यात भेटून घरी जेवायला बोलावत होते..."

"तुम्ही गेलात?"

"सहा घरी."

काम्यारने कपाळावर हात मारून घेतला.

"मग माणूस मनापासून देतोय हे ओळखायचं कसं?" प्रुइटने रडवेल्या आवाजात विचारलं.

"तीनदा नको म्हणायचं. त्यावरही आग्रह झाला तर समजायचं, मनापासून आहे."

दोघे आरसा घेऊन घरी आले. दोन्ही आया दिवाणखान्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या होत्या. प्रुइटने अदबीने आरसा भिंतीला टेकवला. "खानम, मला हा घेता येणार नाही."

काम्यारने सांगितलं आणि फरंगीस खानमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असं काय करता? तुमचाच आहे!"

"नको, खरंच नको."

"अहो, राहू दे हो तुमच्याकडे!" काम्यारनेही सवयीने आईच्या पावलावर पाऊल टाकलं.

"नाही. मुळीच नाही," प्रुइट तिसऱ्यांदा म्हणाला.

फरंगीस खानमनी रुमालाचं टोक दातांत धरलं. चेहरा लालबुंद झाला, पण माउली बोलली नाही. पाहुणा नको म्हणतोय आणि त्यावर कुणी घ्या म्हणत नाही, असं त्या घरात आजवर घडलं नव्हतं. महलका खानमची चुळबुळ सुरू झाली. ही काय वागायची पद्धत? हा माणूस आपल्याबद्दल काय म्हणेल? बहिणीमुळे त्यांना इंग्रजी बरं येत होतं. त्या उभ्याच राहिल्या.

"अहो, घ्या हो! आमच्या शीदाची आठवण म्हणून न्या. तुम्हाला माझी शपथ!"

प्रुइटचा चेहरा उजळला. "आता मात्र नाही म्हणवत नाही," तो म्हणाला. त्याने आरसा उचलला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

महलका खानमचा वासलेला आ तसाच राहिला. फरंगीस खानमनी ताजा चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला. हसायची कुणाची छाती नव्हती.

"खानम," काम्यार चाचरत म्हणाला, "म्हणजे... लग्न मोडलं का?"

"गप्प बस रे!" महलका खानम पायांत चपला सरकवत म्हणाल्या. "बाजार किती वाजता बंद होतो ते सांग आधी."