दर्याबाईंनी पाहुण्यास गूळपाणी दिले त्याची बखर

श्री. तान्हेल्यास पाणी देणाराचे कल्याण असो, ऐसे म्हणावयाचा प्रघात आहे. पुढील मजकूर पुरता ऐकून मग म्हणावे. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मतिनाम संवत्सर, वैशाख वद्य षष्ठी, दिवसाचा तिसरा प्रहर लागून दोन घटका जाहल्या, ते समयी दर्याबाई यांनी सरकारचे पाहणीदार हिरोजी यांस पितळी फुलपात्र भरून पाणी आणि गुळाचा एक खडा स्वहस्ते दिला. हिरोजी पाणी प्याले, फुलपात्र पालथे ठेविले आणि आशीर्वाद देऊन निघून गेले. घडले ते इतकेच. त्यापुढील अनर्थ येणेप्रमाणे.

राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. धनी दयाळू, आणि दयेसही शिस्त असावी ऐसे त्यांचे मत, म्हणोन आधारखाना नावाचे खाते उभे केले होते. ज्याचे शरीर चालत नाही त्यास दुबळेपणाची नेमणूक मिळावी, आणि जो आपला धंदा सोडून त्यास सांभाळितो त्यास सांभाळाची नेमणूक मिळावी, आणि पहिली तुटली म्हणजे दुसरी आपोआप तुटावी, ऐसा कायदा होता. दर्याबाई चाळिशीच्या. उजवा पाय लुळा, आणि घेरी येत असे, ती सांगून येत नसे. सासरच्यांनी माहेरी आणून सोडिले, मग आईबाप गेले, मग बंधु मोहिमेत पडले, आणि घरात त्या आणि त्यांच्या भावजय गहिनाबाई ऐशा दोघी राहिल्या. गहिनाबाई मागावर लुगडी विणीत. एके दिवशी त्या बाजारी गेल्या असता दर्याबाईंस घेरी आली आणि त्या चुलीवर पडल्या, आणि डावा गाल व मान भाजली, आणि शेजारच्या येसू कासारणीने भिंतीपलीकडून वास घेऊन धाव घेतली म्हणोन जीव वाचला. त्या दिवसापासून गहिनाबाईंनी माग सोडिला आणि नणंदेस एकटे टाकणे नाही ऐशी शपथ वाहिली. शपथेने पोट भरत नाही, सबब आधारखान्याकडे अर्ज करणे प्राप्त जाहले.

अर्जाची कलमे एकेचाळीस. काय करवत नाही ते प्रत्येक कलमाखाली लिहावे लागे. गहिनाबाई वाचीत आणि दर्याबाई बाजेवरून उत्तर देत. वेणीचे कलम आले तेव्हा दर्याबाई म्हणाल्या, "लिही, स्वतःची वेणी स्वतः घालते."

"वन्सं, सकाळीच मी घातली तुमची वेणी."

"मग काय ते दरबारात वाचून दाखवायचं? चार पुरुष बसलेले असतील तिथं."

"वेणी येते म्हटलं तर मी जाईन मागावर, आणि तुम्ही पुन्हा चुलीत."

"तुला बोलायला कोणी शिकवलं गं एवढं?"

"तुम्हीच. सून म्हणून आले तेव्हा मुकी होते."

मग खरे तेच लिहिले, आणि सात महिने वाट पाहिली, आणि दोन्ही नेमणुका मंजूर जाहल्या. दोन वर्षे सुखाची गेली. तिसरे वर्षी हुकूम सुटला की राज्यात दुबळे फार जाहले, सबब सर्वांची फेरपाहणी करावी, आणि पाहणीदाराने वर्दी न देता जावे, म्हणजे माणूस जैसे असेल तैसे दिसेल.

वैशाख वद्य षष्ठीस हिरोजी आले ते ऐसे. घर दोन खणांचे. पाण्याचा डेरा दर्याबाईंच्या बाजेला लागूनच, आणि बाजेपासून दारापर्यंत सात पावले. गहिनाबाई परसात धुणे वाळत घालीत होत्या. हिरोजी उन्हातून चालत आलेले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "घरात कोणी आहे का? घोटभर पाणी मिळेल का?" हे त्यांनी कपटाने म्हटले नाही. घसा खरोखरच सुकला होता, ते पुढे त्यांनी पंचांपुढे शपथेवर सांगितले, आणि ते खरे मानण्यास हरकत नाही. दर्याबाईंचे वडील हयात असता त्या दारातून पाहुणा कोरड्या तोंडाने गेला नव्हता, आणि नुसते पाणी देणे ही त्या घरी कंजुषी मानीत. दर्याबाई उठल्या. एका हाती फुलपात्र, मुठीत गूळ, दुसरा हात भिंतीस लावून सात पावले आल्या, दिले, पाहुण्याचे पिणे होईतो चौकट धरून हसतमुख उभ्या राहिल्या, आणि पाहुणा दृष्टीआड जाहल्यावर मग पडल्या.

गहिनाबाई परसातून आल्या तो दातखीळ बसलेली. ती सोडविली, तोंडावर पाणी मारिले, आणि शुद्ध आल्यावर म्हणाल्या, "मी दोन हातांवर होते वन्सं. एक हाक मारायची होती."

"पाहुणा उन्हातनं आलेला. हाका मारत बसू? आबा काय म्हणाले असते?"

"आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते काही आता तहानेले येत नाहीत." मग थांबून पुसिले, "पाहुणा कोण होता?"

"कोण जाणे. भला माणूस. कानावर बोरू होता."

कानावर बोरू म्हणताच गहिनाबाई समजल्या की पाहणीदार येऊन गेला. दर्याबाई पुढील तीन दिवस उठल्या नाहीत.

ज्येष्ठात हुकूम आला. त्यातील मजकूर जैसा होता तैसा: 'बाई उठल्या, सबब उठता येते. सात पावले चालल्या, सबब चालता येते. फुलपात्र सांडले नाही, सबब हात स्थिर. गूळ मागितला नसता दिला, सबब बुद्धि शाबूत. फुलपात्र आणवते त्यास तांब्या आणवेल, तांब्या आणवेल त्यास कळशी आणवेल, आणि कळशी आणणारास सांभाळणारे माणूस कशास पाहिजे? दोन्ही नेमणुका बंद.'

गहिनाबाई येसूस नणंदेपाशी बसवून आधारखान्यात गेल्या. कारकून सुपारी कातरीत होते, ते न थांबता बोलले, "बाई, आजारी माणूस पाणी देईल कसं?"

"माणुसकीनं दिलं."

"माणुसकीचं कलम नाही. एकेचाळीसही पाठ आहेत मला, म्हणून दाखवू?"

"मग आम्ही करायचं काय?"

"फेरअर्ज करा. हिरोजींकडेच जाईल तो, पण रीत आहे."

फेरअर्ज हिरोजींकडे गेला. त्यांनी आपलाच कागद पुन्हा वाचिला आणि अक्षर आपले आहे व मजकूर खरा आहे ऐसा शेरा दिला. मग वरचे तीन पंचांकडे दाद मागितली. इतक्यात सरकारी कोठाराच्या मुकादमाने निरोप धाडिला की धान्य निवडावयास बायका पाहिजेत, सूर्योदय ते सूर्यास्त, गहिनाबाईंची जागा भाद्रपद अखेरपर्यंत राखून ठेवितो, पुढे नाही. तो निरोप ऐकून दर्याबाई चुलीकडे पाठ करून निजू लागल्या.

आषाढ वद्य दशमीस पंच बसले. दर्याबाईंस डोलीतून नेले. हिरोजींनी साक्ष दिली की पाणी गार होते, गूळ चांगला होता, बाईंनी अगत्य केले, आपण एक अक्षर खोटे लिहिले नाही. आणि त्यात खोटे काहीच नव्हते, म्हणोनच गहिनाबाईंस ती साक्ष खोडता येईना. मग वडील पंच दर्याबाईंस पुसते जाहले, "पाणी दिलंत?"

"दिलं."

"किती पावलं चाललात?"

"सात."

"मग पडलात म्हणता, ते केव्हा?"

"ते वळणाआड गेल्यावर."

"आधी का नाही पडलात?"

दर्याबाईंस प्रश्नाचे नवल वाटले. म्हणाल्या, "पाहुण्यापुढं कशी पडू?"

सभेत एकदोघे हसले. वडील पंच हसले नाहीत. त्यांनी लेखनिकास सांगितले की लिहा, घेरी पुढे ढकलता येते. गहिनाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "महाराज, जीव मुठीत धरून थोपवली त्यांनी. तीन दिवस त्याची फेड केली."

"ते तीन दिवस कोणी पाहिले?"

"मी पाहिले."

"तुम्ही नेमणूक खाता, तुमची साक्ष कशी धरावी?"

मग पंचांत खलबत जाहले, आणि निवाडा न देता हुकूम दिला तो ऐसा. एक गुप्त पाहुणा, ओळख न देता, कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेषात दर्याबाईंचे दारी जाऊन पाणी मागेल. बाई उठल्या तर नेमणुका कायमच्या गेल्या. न उठल्या तर पुन्हा चालू. तोवर सांभाळणारीने आपण सांभाळण्याच्या कामावर हजर आहो हे शाबीत करावयासाठी दर अष्टमीस सूर्योदयापासून चौथ्या प्रहरापर्यंत आधारखान्यात येऊन बसावे.

घरी येताच गहिनाबाईंनी बाजेपाशी बसून नणंदेचा हात धरिला. "ऐका वन्सं. कोणीही आलं, कसाही आला, उठायचं नाही. पडून राहायचं."

"आणि खरंच तहानेला असला तर?"

"गावात दुसरी घरं आहेत."

"असं बोलणारी आपल्या घरात नव्हती गं कोणी."

"नव्हती. आता आहे."

त्या दिवसापासून त्या घरास भय शिरले. गोसावी आला, त्यास हाकलिला. चुना विकणारी आली, तिचे पाय फेरीवालीसारखे भेगाळलेले दिसले नाहीत म्हणोन दार लाविले. येसू कासारीण बारा वर्षांपासूनची शेजारीण, तिने बांगड्यांचा हारा उतरून पाणी मागितले, तो गहिनाबाई क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला कोणी पाठवलं?" येसू म्हणाली, "मला? मला माझ्या सासूनंसुद्धा कधी कुठं पाठवलं नाही!" आणि हसली, पण पाणी न पिता गेली, आणि गावात बोलवा उठली की त्या घरचे पाणी आटले. दारावर थाप पडली की दर्याबाई पांघरुणाची कड दातांत धरीत. घेरी पूर्वी महिन्यातून दोनदा येई, ती आता आठवड्यातून दोनदा येऊ लागली, आणि त्याची पाहणी करावयास सरकारचे कोणी आले नाही.

श्रावणातील दोन्ही अष्टम्या येसू दर्याबाईंपाशी बसली आणि कोणी आले नाही. भाद्रपद शुद्ध अष्टमीस येसूच्या पायास काच लागून पाय सुजला होता, सबब ती आपल्याच ओसरीवर होती. गहिनाबाई सूर्योदयी निघाल्या. निघताना चूल विझवून राखेवर पाणी ओतिले, आणि नणंदेच्या स्वभावाचा भरवसा नाही म्हणोन फुलपात्र, तांब्या आणि गडू, घरात होती नव्हती ती भांडी ओच्यात बांधून आपणाबरोबर नेली. उशाशी भिजलेले फडके ठेविले की तहान लागल्यास चोखावे.

पुढील वर्तमान येसू कासारणीचे तोंडचे, तिने पाहिले व भिंतीआडून ऐकिले तितकेच. तिसरे प्रहरी ऊन कडक पडले. एक म्हातारा आला. कानावर बोरू नाही, हाती कागद नाही, काठी आहे, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. दर्याबाईंचे ओसरीवर बसला आणि हाक दिली, "माय, पाणी." उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा हाक दिली. उत्तर नाही. तिसरे खेपेस हाक पुरी जाहली नाही, आणि म्हाताऱ्याने खांबास डोके टेकून डोळे मिटले. येसूच्या मनात आले की आपणच खुरडत पाणी न्यावे, आणि मनात आले की पंचांचा माणूस असला तर आपण मध्ये पडून दर्याबाईंचा निवाडा बिघडवू, आणि नसला तर म्हातारा आपल्या डोळ्यांदेखत जाईल. ती उठली आणि बसली.

मग भिंतीआडून डेऱ्यावरील झाकण सरकल्याचा आवाज आला. मग एक पाऊल वाजले. भिंतीस हात घासत गेल्याचा आवाज होत असतो, तो जाहला नाही. घरात भांडे नाही, सबब दोन्ही हात ओंजळीत गुंतले असावेत, ऐसा येसूचा तर्क. तर्क म्हणोनच लिहिला आहे.

एवंच, हिरोजींचा कागद खरा, दर्याबाईंचे म्हणणे खरे, आणि निवाडा अद्याप नाही. म्हातारा कोण ते कोणास ठाऊक नाही. डोळे मिटलेले आहेत. गहिनाबाई आधारखान्यात भांडी ओच्यात घेऊन हजर आहेत, चौथ्या प्रहरापर्यंत सुटका नाही. बाजेपासून दारापर्यंत सात पावले. हे लिहिले तोवर पाच ऐकू आली आहेत.