तीन कड्यांची गुंफण

कोणतंही कार्यालय कामावर चालत नाही. कोण कोणाच्या वर आहे, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असलं की ते आपोआप चालतं. एवढं मान्य केलंत तर आमच्या कारभाराला नावं ठेवायला तुम्हाला जागाच उरणार नाही.

आमच्याकडे पाणी, रस्ते आणि गटारं असे तीन विभाग. तिघांनी मिळून एकच रस्ता वर्षात अकरा वेळा खणला (बाराव्यांदा कुदळ सापडेना), तेव्हा वरून हुकूम आला, तिन्ही विभाग एक करा. ते अवघड होतं, म्हणून आधी बोधचिन्ह करायचं ठरलं. निळं, काळं आणि तपकिरी, अशी तीन कडी एकमेकांत गुंफलेली.

काम आमच्या चित्रकार बाईंकडे आलं. बाई नऊ वर्षं कंत्राटावर. चिन्ह मंजूर झालं की कायम करू, असा शब्द त्यांना मिळाला होता. (तोंडी. लेखी शब्दाला शाई लागते.)

आता, संगणकावर कडी गुंफणं ही शुद्ध बनवाबनवी आहे आणि बाईंचा त्यात हातखंडा. तिथे आकार एकमेकांवर ठेवलेले असतात, चटईवर चटई ठेवावी तसे. खरं कोणीच कोणात अडकत नाही. खालचं कडं जिथे वरून गेल्यासारखं दाखवायचं, तिथे वरच्या कड्याचा तेवढा तुकडा कापून काढायचा. कडी एकमेकांना सहा ठिकाणी ओलांडतात, त्यांतल्या तीन ठिकाणी काप, की झाली गुंफण. प्रत्येक कडं दोनदा वर, दोनदा खाली. इतका न्याय आमच्या इमारतीत पूर्वी कधी झाला नव्हता.

बैठकीत पाणीसाहेबांनी चित्र चौसष्ट पट मोठं करायला लावलं.

"बाई, हे काय? माझ्या कड्याला दोन भगदाडं?"

"साहेब, कापल्याशिवाय गुंफण दिसत नाही. कोणीतरी कुठेतरी खालून जायलाच हवं."

"मग रस्त्यांना घाला की खालून!"

"रस्ता खालून जातो होय?" रस्तेसाहेब कडाडले. "एकदा कापलंय तेवढं पुरे झालं!"

गटारसाहेब मात्र खुशीत होते. त्यांचं कडं अखंड होतं. मग बाईंनी कारण सांगितलं, ते सगळ्यांत खालच्या थरावर आहे म्हणून. पुढचा पाऊण तास इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढ्यावर उरकला आहे.

सात बैठका आणि शेहेचाळीस नमुन्यांनंतर एकमत झालं. प्रत्येक साहेबाच्या खोलीत वेगळी प्रत लागेल आणि तीत त्या साहेबाचं कडं सगळ्यांच्या वर राहील, कुठेही न कापलेलं. जनतेसाठीच्या प्रतीत तिन्ही कडी हातभर अंतरावर सुटी राहतील. (या अंतराला 'परस्पर आदर' म्हणावं, असा ठराव झाला.)

बाईंनी तेही काढून दिलं. चिन्ह मंजूर झालं. बाई कायम झाल्या नाहीत. शब्द गुंफलेल्या कड्यांसाठी दिला होता, ही तर सुटी आहेत, असं उत्तर मिळालं. शिवाय तीन विभाग एक झाल्यावर चित्रं कशाला लागतात? येत्या शुक्रवारी बाईंचा शेवटचा दिवस.

यावर आमचे लोक असे पेटून उठले की विचारू नका. चहाच्या टेबलावर तर क्रांतीच झाली. बाईंच्या बाजूने अर्ज करायचा ठरलं. मजकूर मी लिहिला, खाली सह्यांसाठी चौसष्ट ओळी आखल्या. मला सोडून त्रेसष्ट माणसं, त्रेसष्टही सही करायला तयार. आणि ज्या इमारतीत वरच्या जागेसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतात, तिथे एक अपूर्व नम्रता पाहायला मिळाली. चौदा जणांनी दुसरी ओळ मागितली. अडतीस जणांनी 'मधेच कुठेतरी'. उरलेल्या अकरांनी कागदाची मागची बाजू चालेल का, ते विचारलं. मी स्वतः एकोणिसावी धरून ठेवली आहे.

पहिली ओळ कोरी आहे. ती भरल्याशिवाय दुसरीला कोणी हात लावत नाही.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे बाईंवर अन्याय झालाय हे तुम्हाला पटलेलं दिसतंय. पाणीसाहेबांना हसलातही असाल. हा घ्या पेन.

नको?

बरं, मग विसावी घ्या. माझ्या खालची. तिथे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.