तेरावा मणका

टक्! मार्करचं टोपण उघडलं आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. आतल्या खोलीत आमची ढब्बू, वय वर्षं साडेचार, झोपली होती. बाहेर दिवाणावर नवरा सदरा काढून पालथा पडला होता, आणि त्याच्या पाठीवर माझी सोमवारच्या तासाची तयारी चालली होती.

मी फिजिओथेरपीच्या मुलांना शरीररचना शिकवते. म्हणजे शिकवत होते. ढब्बू झाल्यापासून घरीच. उद्या पुन्हा वर्गात उभी राहणार होते. माझी पद्धत साधी: चित्रं बाजूला ठेवा, जिवंत माणसाच्या अंगावर बोटांनी शोधा आणि तिथेच काढा. डोळे बांधा माझे, सांगाल तो मणका शोधून देते!

"मान खाली घाल. हा टोकदार वर आला ना, तो मानेचा सातवा. आता याच्याखाली पाठीचे बारा."

"लवकर आटप. गुदगुल्या होतात."

"मणक्यांना गुदगुल्या होत नाहीत!"

"मणक्यांना नसतील होत. मला होतात!"

तो हसत होता आणि मी आकडे घालत होते. झोपाळ्यावर बसून सुईत दोरा ओवण्यापैकी काम! तरी शेवटपर्यंत पोचले. मग त्याला उताणं केलं, छातीच्या मोठ्या स्नायूची कड रंगवली आणि म्हटलं, "हात वर."

"काखेत नको! पाया पडतो!"

"काख म्हणजे छोटीशी खोली असते. पुढची भिंत छातीच्या स्नायूची, मागची पाठीच्या स्नायूची. गप्प पड, मी आत येतेय."

त्याने अशी लाथ झाडली की पाण्याचा तांब्या थेट टीव्हीखाली गेला! दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

आणि माझी बोटं थांबली.

डाव्या काखेत, अगदी आत, शेंगदाण्याएवढं काहीतरी. कडक. ढकललं तरी न हलणारं.

"थांबलीस का?"

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

"गाठ."

"अगं, माझ्या काखेत मी कशाला जातोय?"

हाताने आपोआप त्याभोवती गोल काढला. सवय!

संध्याकाळी पुसायला गेले, तर पुसेना. साबण झाला, तेल झालं. मग लक्षात आलं, ढब्बूच्या बाटलीवर नाव घालायचा पक्क्या शाईचा मार्कर तो! "राहू दे," नवरा म्हणाला, "उद्या डॉक्टरांना सोपं जाईल." हे तो इतक्या सहज म्हणाला, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकर घासला.

सोमवारी माझा तास राहिला, आम्ही हॉस्पिटलात. नर्सने त्याचा सदरा उतरवला आणि दोन पावलं मागे सरकली.

"अगंबाई! ऑपरेशनची खूण आधीच? कुणी केली?"

"मी."

"तुम्ही सर्जन?"

"बायको."

"आणि दोन्ही बाजूंना?"

"छे हो, एकाच!"

"इथे दोन आहेत. या उजवीकडच्याला तर डोळे पण आहेत."

वाकून पाहिलं. उजव्या काखेत गोल, गोलात डोळे आणि कानापर्यंत हसू. ढब्बू! काल रात्री बाबा झोपलेला असताना! तेवढ्यात नर्सने कागदावर 'दोन्ही काखा' लिहिलंसुद्धा. कुणी हिरवा झगा आणला, कुणी चाकाची खुर्ची, आणि नवरा खुर्चीत बसून निघालाही! "अहो, मी चालत आलोय!" तो ओरडतोय, मी मागून धावतेय, "तो हसरा गोल मुलीचा आहे हो!"

सर्जनबाईंच्या दारात वरात थांबली. त्यांनी चष्मा नाकावर ओढून पाठ वाचली.

"मणके कुणी मोजलेत?"

"मी. मी शरीररचना शिकवते," मी ताठ मानेने सांगितलं.

"पाठीत बारा असतात ना? हे तेरा आहेत."

जमीन दुभंगती तर बरं! नवरा पडला गणिताचा मास्तर. म्हणाला, "एक हातचा असेल."

नर्स हसली, मी हसले, बाईसुद्धा हसल्या. हसता हसता त्यांची बोटं डाव्या काखेत गेली. आणि माझं हसू जिथे थांबलं होतं, बरोबर तिथेच त्यांचंही थांबलं.

सुईने नमुना घेतला. "शुक्रवारी कळेल. त्याआधी मी काही बोलणार नाही."

आज बुधवार. दुपारी न्हाणीघरात त्याची पाठ स्पिरिटने पुसत होते. चुकायची मला कधी सवय नव्हती. वर्गात नाही, घरात तर मुळीच नाही. पण हीच ना ती बोटं, धडधडीत तेरा मोजणारी? मग काखेतही चुकली असतील. चुकू देत. तेराचे पंधरा होऊ देत, नोकरी जाऊ दे!

ढब्बू पालथ्या बादलीवर बसून बघत होती. एकेक आकडा गेला. तिचा हसरा गोल गेला, तेव्हा जरा रुसली. मग माझा गोलही गेला. ती उठली, बाबाचा हात वर केला आणि तिथे आपलं बोट ठेवलं. या वेळी त्याला गुदगुल्या झाल्या नाहीत.

"आई, गोल गेला. पण हे खालचं आहेच. हे कशाने पुसायचं?"