तुलनात्मक तक्ता

माझ्या बायकोचा संगणक उत्तम चालत होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याला दुसरं कारण नाही. बिघडलेल्या वस्तूच्या वाटेला मी सहसा जात नाही.

तो संगणक तिच्या भरतकामाच्या मशीनसाठी घेतलेला. ती पडद्यावर नक्षी काढते, पेन ड्राइव्हवर घेते, तो मशीनला लावते, आणि मशीन टकटक करत कापडावर पक्षी उमटवतं. काही वर्षं हा उद्योग चालू होता आणि आता वाचनालयाच्या सभागृहात तिचं पहिलं प्रदर्शन भरायचं होतं. नक्षी तिची, टेबल तिचं. माझ्याकडे खुर्च्या उचलण्याचं खातं होतं.

अशात एका संध्याकाळी तिचा भाऊ आला. त्याला न कळणारा विषय अजून जन्माला यायचाय. पडद्याकडे बघून तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्याकडे होम एडिशन आहे?"

"असेल. संगणक घरातच आहे."

"तसं नाही हो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्त्या असतात. होम म्हणजे जेमतेम. ऑफिसात मुरलेला माणूस प्रोफेशनल वापरतो."

"चालतंय ना ते?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मग राहू दे. माझ्या पक्ष्यांना ऑफिस लागत नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उभी हयात मी खरेदी विभागात तुलनात्मक तक्ते करण्यात घालवली आहे. पुरवठादारांची दरपत्रकं शेजारी शेजारी मांडायची, रकाने आखायचे, शेरे लिहायचे. (निर्णय साहेब घ्यायचे. बहुधा तक्ता न बघता.)

कंपनीच्या वेबसाइटवर तक्ता तयारच होता. डावीकडे होम, उजवीकडे प्रोफेशनल. उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा. डाव्या रकान्यात मात्र मधूनमधून नुसती आडवी रेघ. त्या रेघांसमोर काय लिहिलंय ते मला कळलं नाही, पण आपल्याला काहीतरी मिळत नाहीये एवढं कळलं, आणि नोकरी केलेल्या माणसाला तेवढं पुरतं. (मोठमोठ्या कंपन्यांसाठी एक तिसरी आवृत्तीही होती. ती घरी देत नव्हते, हे आमचं नशीब.)

दुसऱ्या दिवशी मी पैसे भरून प्रोफेशनल घेतली.

"काय फरक पडला?" बायकोने विचारलं.

"आता आपल्याकडे सगळ्या खुणा आहेत."

"पक्षी आहेत ना माझे? मग झालं."

पण घेतलेली सवलत न वापरणं माझ्या रक्तात नाही. मी नोकरीत किरकोळ रजासुद्धा कधी वाया जाऊ दिली नव्हती. म्हणून मी एकेक खूण वसूल करायला घेतली. वापरणाऱ्यांची नीट व्यवस्था लावताना मी बायकोसाठी वेगळं खातं उघडलं. ती झाली 'सामान्य वापरकर्ता' आणि माझ्या नावापुढे शब्द उमटला, 'प्रशासक'. निवृत्तीनंतर का होईना, मला बढती मिळाली होती.

परिणाम असा झाला, की तिचा नक्षीचा जुना प्रोग्राम प्रत्येक वेळी प्रशासकाची परवानगी मागू लागला.

"अहो, हे परत तुमचा पासवर्ड मागतंय."

"कशासाठी पाहिजे?"

"कबुतराची मान वळवायचीय."

"बघतो."

"बघू नका, या!"

(मी लगेच उठत नसे. लगेच उठणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी किंमत देत नाही, हे मी अनेक वर्षं खालच्या बाजूने पाहिलेलं आहे.)

एवढ्यावर थांबलो असतो तरी संसार टिकला असता. पण तक्त्यात एक खूण शिल्लक होती: संपूर्ण हार्ड डिस्कला कुलूप. संगणक सुरू करतानाच पासवर्ड द्यायचा, आणि तो विसरलात तर एक भलीमोठी आकड्यांची किल्ली. ती किल्ली दुसरीकडे कुठेतरी जपून ठेवा, अशी सूचना होती.

घरात पेन ड्राइव्ह एकच, बायकोचा. उघडून बघतो तर तिची सगळी नक्षी. तीच नक्षी संगणकातही होती. एकच कागद दोन ठिकाणी! आमच्या विभागात यावरून मेमो मिळायचा. मी पेन ड्राइव्ह स्वच्छ पुसला आणि त्यावर किल्ली ठेवली. मग रात्रभर मला चैन पडेना. इतका महत्त्वाचा कागद असा सुटा, ड्रॉवरमध्ये, रिळांच्या शेजारी? सकाळी उठून मी किल्ली संगणकात 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये रीतसर फाइल केली आणि पेन ड्राइव्ह पुन्हा पुसून जागेवर ठेवला. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत, पण व्यवस्थित.

पासवर्ड कोणालाही ओळखता येणार नाही असा निवडा, असं तिथे लिहिलं होतं. मी तसा निवडला. तो कोणालाही ओळखता आला नाही. मलासुद्धा.

हे कळलं दोनच दिवसांनी, प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात. तोवर संगणक बंदच केला नव्हता. त्या दिवशी मी तो धूळ पुसण्यासाठी बंद केला. (त्याच्यावर धूळ नव्हती.)

दुरुस्तीवाल्या बाई आल्या. बराच वेळ पडद्याकडे बघून मग माझ्याकडे वळल्या.

"काका, रिकव्हरी की कुठाय?"

"जागेवर आहे."

"जागेवर म्हणजे?"

"संगणकात. महत्त्वाचे नावाच्या फोल्डरमध्ये."

बाईंनी चष्मा काढला. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधी जसे थांबतात, तशा थांबल्या. मग म्हणाल्या, "हे कोणाला विचारून केलंत?"

"मीच प्रशासक आहे."

"डिस्क पूर्ण पुसावी लागेल, काका. आतलं काही परत मिळणार नाही."

"पुसा की," बायको ओले हात पदराला पुसत आली. "माझं सगळं पेन ड्राइव्हवर आहे." आणि तिने ड्रॉवर उघडला.

मला त्या क्षणी खिडकीबाहेर काहीतरी बघायचं होतं. बाहेर काहीच नव्हतं, तरी मी बघत राहिलो.

पेन ड्राइव्ह रिकामा निघाल्यावर तिने तो एकदा काढून पुन्हा लावला. मग तिने बाईंना शांतपणे विचारलं, "आमच्या आधीच्या आवृत्तीत हे कुलूप होतं?"

"नव्हतं. तक्त्यात तिथे रेघ असते."

"म्हणजे ती रेघ आमच्या भल्याची होती."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मशीनपाशी जाऊन बसली. "त्या सुतारपक्ष्याच्या डोळ्यावर मी अख्खा उन्हाळा घातला होता," ती म्हणाली. मला नव्हे, मशीनला.

"मी काही मदत करू?"

"नको. केलीत तेवढी पुरे."

मशीनच्या स्वतःच्या स्मरणात शेवटची एकच नक्षी उरली होती: मान न वळवलेलं कबूतर. आधी भरलेलं सगळं भेटी म्हणून वाटून झालं होतं, तेव्हा तिने तेच भरलं. पिशव्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, रुमालांवर. सभागृहातल्या तिच्या टेबलावर थव्याने कबुतरं बसली होती आणि सगळी माझ्याकडे पाठ करून. टेबलाचं दुसरं टोक मोकळंच राहिलं. तिथे नुसतंच पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर कोपरं टेकून मी बसलो होतो.

एक बाई बराच वेळ रेंगाळल्या. एका रुमालावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "काम किती सफाईदार आहे हो! दुसरी नक्षी नाही का काही?"

"होती," बायको म्हणाली.

तो एक शब्द मला अजूनही केव्हाही ऐकू येतो.

त्या बाईंना अवघडल्यासारखं झालं असावं. विषय बदलायला त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि हे? हेही तुमच्यासोबत काम करतात वाटतं?"

"छे हो," बायको रुमालाची घडी घालत म्हणाली. "पंख्याने तिकडचं कापड उडत होतं. काहीतरी जड ठेवायला हवं होतं."